दादाच्या खोलीतली बाथरूम

प्रिय दादा,

आईने पाणी पिणं नेमकं कधीपासून कमी केलं? दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला हे विचारलं आणि मला सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे गेल्या महिन्यापासून, वर्षभरापासून, की त्याच्याही आधीपासून? शरीराला पाणी का लागतं हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते, आणि ज्या बाईच्या शेजारी बसून रोज जेवते तिच्या घशाखाली किती घोट जातात हे मला ठाऊक नाही. आजही सांगता येत नाही. हे पत्र लिहून होईपर्यंत सांगता येईल, असंही वाटत नाही.

घाबरू नकोस, आता ती बरी आहे. गेल्या आठवड्यात लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशीच चक्कर येऊन पडली. इस्त्री नुकतीच खाली ठेवली होती म्हणून थोडक्यात निभावलं. तिच्याबरोबरच्या बायकांनी शाळेत फोन केला, मी तास सोडून पळाले. लघवीत जंतू झालेत, दुखणं जुनं आहे, तापही अंगावर काढलेला आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. 'मावशी, इतकं होईपर्यंत गप्प कशा बसलात?' असं त्यांनी विचारल्यावर आई म्हणाली, 'कामाच्या गडबडीत लक्षात नाही आलं.' तुला कळवायचं नाही, असं तिने मला बजावलंय. 'त्याच्यामागे कमी व्याप आहेत का,' म्हणाली. मी हो म्हणाले होते. तो शब्द मी मोडतेय. फोन केला असता, पण फोनवर तू 'बरं, बघू' म्हणतोस आणि विषय संपतो. पत्राला मधेच 'बरं, बघू' म्हणता येत नाही.

तुला आठवतं, एका खेपेला तू आलास आणि हात धुता धुताच म्हणालास, 'या घरात आता एक चांगली बाथरूम करून टाकू.' मी तुझ्या गळ्यातच पडायची बाकी होते. कितीतरी वर्षं मी त्याच एका गोष्टीसाठी डोकं फोडत होते. परसातला तो संडास, त्याचं ते खालून गंजलेलं पत्र्याचं दार, आत गेल्यावर एका हाताने धरून ठेवायचं. बाबा म्हणायचे, आपल्या घरात राजालाही दाराला हात लावून बसावं लागतं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचा तो विनोदही बंद झाला. तेव्हा तू आणि आई त्यांना दोन्ही बाजूंनी धरून परसात न्यायचात आणि ते शरमेने डोळे मिटून घ्यायचे. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. तेव्हाच मी ठरवलं होतं की, नोकरी लागली की आधी घरात बाथरूम. आणि ते तू माझ्याआधी करत होतास. शाळेतल्या बाईंना मी अभिमानाने सांगितलं होतं, माझ्या भावाने आईसाठी बाथरूम काढली. 'आईसाठी' हा शब्द माझा. तू तो कधीच म्हणाला नव्हतास, हे मला फार उशिरा कळलं.

गवंडी पहिल्या दिवशी माप घ्यायला आला तेव्हा त्याने दोन्ही शक्यता सांगितल्या होत्या. नवी खोली परसाच्या कोपऱ्यात बाहेर काढायची. तिची एक भिंत पॅसेजला लागून, दुसरी तुझ्या खोलीला. दार कुठूनही काढता येईल. आई म्हणाली, पॅसेजमधून काढा, माझी खाट तिथेच आहे, रात्री-बेरात्री बरं पडेल. एवढंच ती म्हणाली. अख्ख्या बांधकामात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. तू म्हणालास, 'पॅसेजमध्ये कशाला, स्वयंपाकघरात वास येईल. माझ्या खोलीतून घेऊ.' आई लगेच म्हणाली, 'हो, तेही खरंच.' मीही मान हलवली. वास येईल हे मलाही पटलं, कारण ते तू म्हणत होतास.

मग टाइल्स लागल्या, पांढरा कमोड आला, भिंतीत नळ आले. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, 'अगंबाई, इथे अंघोळ करायची म्हणजे आधी बाहेरून अंघोळ करून यायला पाहिजे.' आई किती दिवसांनी तशी हसली असेल. पण तू जाताना दारात उभा राहून सांगितलंस, नळावरचं प्लास्टिक काढू नका, टाइल्सवर डाग पडू देऊ नका, जपून वापरा. आणि आपली आई जपून म्हणजे काय करते हे तुला माहीत आहे. ती वापरेनाशीच झाली. तिच्या मते ती खोली तुझी. सुनेने अंथरलेल्या चादरीशेजारून, सुनेच्या कपाटासमोरून, ओल्या पायांनी कसं जायचं? मी ओरडले की तेवढ्यापुरती जायची, आणि बाहेर येताना आपल्या जुन्या फडक्याने फरशी अशी कोरडी करायची की आत कुणी गेलं होतं असं वाटू नये. मी शाळेत गेले की पुन्हा परसात. दुखरा गुडघा घेऊन, पायरीवर हात टेकत. एकदा मी वाटेत उभी राहून तिला अडवलं तर म्हणाली, 'अगं, सवय आहे मला. नवीन वस्तू आहे, राहू दे की चार दिवस नवीन.'

नवीन कुणासाठी ठेवायची होती ते मला एका रविवारी कळलं. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. टाय लावलेला एक माणूस एका जोडप्याला घेऊन आला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आत शिरला. मला वाटलं, तुझ्या कंपनीतलं कुणी असेल. तुझ्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. 'हे बघा, अटॅच्ड आहे. या गल्लीत एकाही घरात अटॅच्ड नाही. दर त्यामुळेच वर आहे. आणि बघा, प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, कोरी करकरीत.' त्या बाईने नळ सोडून बघितला, बंद केला आणि नवऱ्याला म्हणाली, 'बाकीचं घर पाडलं तरी हे ठेवता येईल.' लाल पेन उघडंच राहिलं माझ्या हातात. आईकडे वळले तर ती खाली बघत होती. तिला माहीत होतं. तू तिला आधीच सांगितलं होतंस, आणि हेही सांगितलं होतंस की, 'शहाणीला इतक्यात बोलू नकोस, भाषण देईल.'

मी भाषण दिलं नाही, दादा. तुला तेव्हाच फोन करून काय काय बोलायचं ते सगळं मनात तयार होतं. पण तू शाळा सोडून कामाला लागलास म्हणून मी कॉलेजात गेले. माझ्या पदवीच्या फोटोत तू बाजूला उभा आहेस, आणि तुझ्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त आनंद आहे. घर बाबांनी आईच्या नावावर केलेलं. तिची हरकत नाही, तू मोठा फ्लॅट घेतलायस, त्याचे पैसे भरायचेत, त्यात आईची सोय होणार, माझं काय, आज ना उद्या लग्न होईल, तोवर शाळेजवळ खोली घेईन. यात चूक कुठे दाखवायची? मला चूक दाखवता येत नव्हती. शिकून मला एवढंच जमलं की, काहीतरी चुकतंय हे कळलं. म्हणून गप्प बसले. तुझं ऋण असल्यासारखी गप्प बसले.

मग तू आईला नव्या फ्लॅटवर घेऊन गेलास. सवय व्हावी म्हणून. ती परत आली तेव्हा मी स्टँडवर घ्यायला गेले होते. उतरताना तिला दांडा धरावा लागला. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. पण घरी येईपर्यंत ती तुझं कौतुकच करत होती. लिफ्ट आहे, खिडकीतून लांबपर्यंत दिसतं, वहिनी काम करू देत नाही. आणि दोन बाथरूम आहेत गं, एक निळी, एक पांढरी. भिंतीतूनच गरम पाणी येतं. ती हे शेजारच्या काकूंना सांगत होती तेव्हा काकू म्हणाल्या, 'मग काय बाई, आता आम्हाला कुठे ओळख देणार.' आई हसली. त्या संध्याकाळी तिने चहा नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आम्ही औषधांच्या दुकानाशेजारच्या बाकावर बसलो होतो. मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, माझ्यासमोर संपव. तिने दोन घोट घेतले आणि झाकण लावायला लागली. मी तिच्यावर चिडले, दादा. रस्त्यावर, माणसांच्या समोर. म्हटलं, तुला मरायचंय का? तेव्हा ती बोलली. तेसुद्धा गंमत सांगितल्यासारखी. म्हणाली, 'अगं, तिकडे प्यायचं नाही अशी सवय लावून घेतली, ती इकडेही राहिली.' मग एकेक करून बाहेर पडलं. तिचं अंथरूण हॉलमध्ये. दोन बाथरूम आहेत, पण दोन्ही खोल्यांच्या आत. एक तुमच्या. दुसरी वहिनीच्या भावाच्या. तो रात्रपाळी करून येतो, दिवसा कडी लावून झोपतो, आणि सुट्टीच्या रात्रीही आतून कडी असतेच. दिवसा वहिनी बाहेर गेली की तुमच्या खोलीला कुलूप. वाईट हेतूने नाही, आई म्हणाली, कामाला बाई येते ना, म्हणून.

एका रात्री तिने तुमचं दार वाजवलं होतं. तुला आठवतंय का, मला माहीत नाही. आधी हळू वाजवलं, मग हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, मग पुन्हा वाजवलं. तू दार उघडलंस आणि म्हणालास, 'आई, झोपायच्या आधी जाऊन घ्यायचं ना.' एवढंच. आवाज चढवला नाहीस. बाजूला झालास, तिला जाऊ दिलंस. वहिनीने अंगावरची चादर वर ओढली. आई तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला घासून गेली आणि आत बसल्यावर तिला काही झालंच नाही. इतका वेळ धरून धरून होईना. बाहेर तुम्ही दोघं जागे आहात, आवाज ऐकताय, हे तिला आतून कळत होतं. ती तशीच उठली, पाणी सोडलं, आणि 'झालं हं' म्हणून बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून तिने दुपारनंतर पाणी बंद केलं.

मी तिला म्हटलं, हे तू दादाला सांगायचं नाही का? तर ती म्हणाली, 'आता पोराला काय सांगायचं, आईला लागते म्हणून?' आणि हसायला लागली. मग म्हणाली, मला काही नवीन नाही गं ते. लॉन्ड्रीत संडासाची किल्ली मालकाच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असते. पुरुष नुसते हात घालून घेतात. बायकांनी मागायची. ती लग्न होऊन नवीन कामाला लागली तेव्हा दुसऱ्यांदा किल्ली मागितली तर मालक सगळ्यांसमोर म्हणाला, 'काय बाई, घरून करून येत जा की.' बायकाही हसल्या म्हणे. त्यानंतर तिने ती किल्ली मागितलीच नाही. तू पोटात असतानाही नाही. माझ्या वेळेलाही नाही. दिवसभर वाफेत उभी राहून ती इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते, आणि सकाळी निघताना घेतलेल्या चहावर संध्याकाळ करते. म्हणून म्हटलं, डॉक्टरबाईंना कधीपासून म्हणून सांगू? तुझ्या घरापासून म्हणू, परसापासून म्हणू, की त्या खिळ्यापासून?

शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. मी रुजू झाल्यावर तिच्यासाठी मुख्याध्यापकांशी भांडले. ती लागेपर्यंत त्यांना रोज भेटत होते. ते मला 'कडीवाल्या बाई' म्हणायचे. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू किती हसलास, 'भले शहाणे' म्हणालास. आणि आपल्या घरात मी मान हलवत बसले होते. मला तुझा राग येतोय, दादा, आणि तो कमी करून लिहिता येत नाही. तू वाईट वागला असतास तर सोपं होतं. तू घराची किंमत वाढवलीस. त्या टायवाल्या एजंटने सांगितलं तसं केलंस, ज्याला दाखवायचं त्याला आवडेल अशी खोली बांधलीस. त्यात जिचं घर तिचाच विचार नव्हता, आणि तुझ्या नव्या घरातही कुणी केलेला नाही. नकाशा बघताना तू खोल्या मोजल्या असशील, बाथरूम मोजल्या असशील. आई हॉलमध्ये झोपणार हे ठरलेलं होतं, मग रात्री ती कुठे जाणार, हा एक प्रश्न तुमच्यापैकी एकालाही पडला नाही? वहिनीला मी दोष देत नाही. तिला तिच्या खोलीचं दार हवंच. आईलाही हवं होतं, पॅसेजमधलं. तेवढंच मागितलं होतं तिने.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, तुला जायचंय का त्याच्याकडे? खरं सांग. ती भांडी लावत होती. म्हणाली, 'तो नाराज होईल.' मी म्हटलं, ते मी विचारलं नाही. त्यावर तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, 'मग कशाला विचारतेस, तुला दिसतंय की.' दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं. तोच, मागचाच. काय करायचंय ते ऐकून तो कपाळाला हात लावून बसला. 'ताई, लोक अटॅच्ड करून घेण्यासाठी माझ्या मागे लागतात. तुम्ही बांधलेलं तोडायला लावताय. दादांना विचारलंत का?' मी म्हटलं, घर आईचं आहे. तो आईकडे बघायला लागला. मला वाटलं, आता ती म्हणणार, राहू दे. ती पॅसेजमध्ये गेली, खाट स्वतःच्या हाताने भिंतीपासून ओढली, आणि खाटेच्या उशाकडची जागा दाखवून त्याला म्हणाली, 'इथून काढा. आणि उंबरा नको, पाय अडखळतो माझा.'

त्यानंतरचं सगळं तुला कळायला हवं, म्हणूनच हे पत्र. येत्या रविवारी तू विक्रीच्या कागदांवर आईची सही घ्यायला येणार आहेस. येऊ नकोस असं नाही, ये, पण सही होणार नाही. टायवाला काल त्या जोडप्याला घेऊन शेवटचं बघायला आला होता. धूळ अजून बसायची होती. तो म्हणाला, 'अरे, हे तर कॉमन करून टाकलंत, आता किंमत काय राहिली?' त्याला उत्तर मी दिलं नाही. आईने दिलं. ती म्हणाली, 'विकायचं नाही, मी राहतेय इथे,' आणि त्या बाईला पाणी विचारलं. तुला नव्या फ्लॅटचे पैसे भरणं त्यामुळे अवघड जाईल, हे आम्हा दोघींना कळतं. माझ्या पगारातून जे जमेल ते मी दर महिन्याला तुझ्याकडे पाठवीन, पण या घराच्या किमतीतून नाही. तुझी खोली तशीच आहे, चादर बदलून ठेवली आहे. फक्त आत आल्यावर सवयीने उजवीकडे वळशील तर तिथे आता दार नाही. ते मी विटांनी बुजवून घेतलं आहे, गिलावाही झालाय, रंग तेवढा राहिला आहे. बाथरूमचं दार पॅसेजमध्ये उघडतं. तुला किंवा वहिनीला रात्री लागली तर आईच्या खाटेशेजारून जावं लागेल. जा. ती काही म्हणणार नाही.

तुझीच,
धाकटी